हळदोण्याचा आर्मस्ट्राँग

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी महाडच्या बाजारपेठेतून गणपतींच्या मिरवणुका सावित्रीच्या काठाकडे निघतात, तेव्हा ढोल-ताशांच्या जोडीला हल्ली बेंजो हमखास असतो. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, खाली ताणलेल्या तारा आणि कर्ण्यांतून येणारा तो धारदार आवाज! काही वर्षांपूर्वी अशाच एका मिरवणुकीत मी रस्त्याच्या कडेला उभा असताना बेंजोवर 'शोला जो भडके' सुरू झाले आणि पोरेटोरेच नव्हे, तर साठी ओलांडलेले दोन-तीन गृहस्थही कोपर किंचित वर उचलून, पाय जागच्या जागी हलवीत नाचू लागले. विसाव्याला थांबल्यावर मी त्या वादकाला विचारले, "हे गाणे कुणाचे रे?" तो म्हणाला, "भगवानदादांचं." उत्तर चुकीचे नव्हते. पण भगवानदादा पडद्यावर नाचले. गायले ते चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, आणि लता मंगेशकर. आणि ते गाणे ज्या चित्रपटातले, त्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो वाद्यवृंद दिसतो, त्याचा नायक होता आंतोनियो झेवियर वाझ हा गोव्याचा एक ख्रिस्ती वादक. मुंबई त्याला चिक चॉकलेट या नावाने ओळखत असे. त्याचे दुसरे बिरुद त्याहूनही मोठे होते : हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग.

म्हणजे ज्याची कीर्ती दुसऱ्याच्या नावाने सुरू झाली असा हा कलावंत. त्याचीच कहाणी आज सांगायची आहे, कारण तिच्यात आपल्या धर्मग्रामांचा वाटा आहे आणि तो आपणच विसरत चाललो आहोत.

आपल्याकडे उसने घेण्याला फार मोठी परंपरा आहे. जुन्या गाण्यांच्या पुस्तिका उघडाव्यात, तर प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर कंसात 'चाल : अमुक अमुक' असे छापलेले असते. वीस मार्चला चवदार तळ्यावर जमणाऱ्या जनसमुदायात जी भीमगीते कानी पडतात, त्यांतील कितीतरी हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात. चाल परक्याची आणि वेदना स्वतःची, असा तो प्रकार. फादर थॉमस स्टीफन्स यांनी तरी काय केले? जन्माने इंग्रज असलेल्या या जेज्वीट धर्मगुरूने १६१६ साली रायतूर येथे छापलेले आपले 'ख्रिस्तपुराण' मराठी पुराणांच्या ओवीत बसवले. ओवी उसनी होती म्हणून ते काव्य कमअस्सल झाले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि अनुकरण हा शब्द तर आपल्या घरात हीन मानण्याचे कारणच नाही. थॉमस ए केम्पिस यांच्या पंधराव्या शतकातील ग्रंथाच्या नावातच तो आहे.

तरीही उसनवारीत एक धोका असतोच. नक्कल इतकी हुबेहूब वठते की नक्कल करणाराच तिच्यामागे नाहीसा होतो.

आंतोनियो वाझ यांचा जन्म १९१६ साली बार्देशातील हळदोणे या गावी झाला. १५९६ साली उभारलेले तेथील संत थॉमसचे देऊळ आजही म्हापसा नदीच्या काठी उभे आहे. त्या काळी गोव्यातील धर्मग्रामांत एक पद्धत होती. चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखनही शिकवले जाई. शिकवणारा 'मेस्त' कडक असायचा. सूर चुकला की छडी बसायची. मिस्सेतील गायन, सणांच्या मिरवणुका, लग्ने आणि अंत्ययात्रा या सर्वांना व्हायोलिन, क्लॅरिनेट, कर्णे वाजवणारी माणसे लागत, आणि ती गावातच घडवली जात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात पोटापुरता रोजगार नव्हता. मात्र पाच रेघांवरचे स्वर वाचता येणारा मुलगा मुंबईच्या बाजारात उपाशी राहत नसे. घराण्याची गादी नाही, उस्तादाचा गंडा नाही, तरीही समोर कागद ठेवला की कोणाचेही संगीत वाजवून दाखवण्याची ही विद्या पुढे हिंदी चित्रपटसृष्टीला किती उपयोगी पडणार होती, याची त्या बिचाऱ्या मेस्तांना कल्पनाही नसेल.

ही मुले आगबोटीने मुंबईला येत. पुढे जो मुंबई-गोवा महामार्ग झाला तो महाड-पोलादपूरवरून जातो. कोकणातील माणसाला त्याच्यावरून पोटासाठी जाणे आणि सणासाठी परतणे या दोन्ही क्रिया सारख्याच ओळखीच्या आहेत. पोलादपूरचा चाकरमानी गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, त्याचप्रमाणे गोयंकार मुलगा धोबी तलावच्या आसपास आपल्या गावच्या 'कूड'मध्ये उतरे. एक मोठी खोली, भिंतीला लावलेल्या पेट्या, एका बाजूला वेदी आणि रोज सायंकाळी सक्तीची रोझरी. जेर महल ही इमारत अशा कुडांसाठी प्रसिद्ध होती. तेथे वादक मंडळी जमत आणि कोणाला कोठे काम आहे याच्या वार्ता फिरत.

या तरुणांच्या कानांवर तेथे एक नवेच संगीत पडले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपल्या वृंदासह ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. अमेरिकेत ज्यांना हॉटेलच्या पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नसता, ते मुंबईत राजेरजवाड्यांसमोर वाजवीत होते. गोव्याच्या मुलांनी जाझ शिकले ते केवळ तबकड्या ऐकून नव्हे, तर ज्यांचे ते संगीत होते त्यांच्या शेजारी बसून. आपल्या भाषेत सांगायचे तर, प्रत मूळ हस्तलिखितावरूनच काढली गेली.

आंतोनियोने आदर्श निवडला तो लुई आर्मस्ट्राँगचा. १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या अतिदरिद्री वस्तीत जन्मलेल्या या माणसाने ट्रम्पेटला जणू वाचा दिली होती, आणि त्याच्या घोगऱ्या, खरखरीत गळ्याने गाण्याची व्याख्याच बदलून टाकली होती. आंतोनियोने त्याचे वाजवणे उचलले, गळ्यातली खरखर उचलली, रंगमंचावरची ऐटही उचलली. चिक चॉकलेट हे नाव घेतले आणि 'म्युझिक मेकर्स' हा आपला वृंद उभा केला. ताजमध्ये त्याच्यापुढे नाचणाऱ्या श्रीमंतांना आपण मुंबईत बसून आर्मस्ट्राँग ऐकतो आहोत असे वाटे, आणि त्याच भावनेचे ते पैसे मोजत. खरा आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेला. पण त्याआधी पंचवीस वर्षे त्याची जागा या शहरात हळदोण्याच्या एका माणसाने सांभाळली होती.

ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी जुनी किंवा विरळा नाही. २००१ साली 'रॉक स्टार' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला. (याच नावाचा २०११ चा हिंदी चित्रपट निराळा.) त्याचा नायक दिवसा प्रतिलिपी काढणारी यंत्रे दुरुस्त करतो, चर्चच्या गायकवृंदात गातो आणि रात्री एका प्रसिद्ध रॉक वृंदाची गाणी हुबेहूब नक्कल करून गातो. नकलेत इतका कट्टर की सूर जरा इकडेतिकडे झाला तर सहकाऱ्यांशी भांडण! शेवटी ते त्याला काढून टाकतात. आणि त्याच सुमारास मूळ वृंदाचा गायक जातो व त्याची जागा ह्यालाच मिळते. कीर्ती येते, पैसा येतो. मात्र स्वतःची गाणी पुढे ठेवली की त्याला सांगितले जाते, तुझे काम गाण्याचे, रचण्याचे नव्हे. एके दिवशी तो भर कार्यक्रमात ध्वनिवर्धक दुसऱ्याच एका वेड्या चाहत्याच्या हाती देऊन निघून जातो. कथानकात रंग भरला असला तरी मुळात एक सत्य घटना होती. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरचा टिम ओवेन्स 'ज्यूडास प्रीस्ट' या इंग्रज वृंदाची गाणी एका नकलाकार वृंदात गात असे. १९९६ मध्ये त्याच वृंदाने त्याला गायक म्हणून घेतले. (नावाने आपल्या वाचकांनी दचकू नये, रॉकवाल्यांना अशी नावे ठेवण्याची हौस असते.) दोन ध्वनिमुद्रिकांनंतर २००३ साली मूळ गायक रॉब हॅलफर्ड परतला आणि ओवेन्सला जागा रिकामी करावी लागली. दुसऱ्याचे सिंहासन भाड्याने मिळते. मुदत आपल्या हाती नसते.

आपल्याकडे जत्रेतल्या ऑर्केस्ट्र्याच्या फलकांवर 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ रफी' अशी बिरुदे असत. गायकाचे स्वतःचे नाव खाली बारीक अक्षरांत! त्यातूनही माणसे वर आली. रफीसाहेबांच्या गाण्याची भक्ती करणारा बडोद्याचा शब्बीर कुमार १९८३ च्या 'कुली'मध्ये गायला. सुदेश भोसले तर अमिताभ बच्चन यांचा आवाज काढता काढता १९९१ च्या 'हम'मध्ये बच्चन यांचाच पडद्यावरचा आवाज झाले.

पण चिक चॉकलेटचे वळण थोडे निराळे आहे. देश स्वतंत्र झाला, राजेरजवाडे आणि गोरे साहेब पांगले आणि १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली. मद्याविना नृत्यगृहे ओस पडू लागली. नेमके त्याच वेळी हिंदी चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदांची भूक लागली होती. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवी. ती पन्नास वादकांनी एकत्र कशी वाजवायची, कोठे व्हायोलिने उठतील आणि कोठे ट्रम्पेट बोलेल, हे कागदावर उतरवणे हे निराळे काम होते. ते करू शकणारी माणसे बहुतांशी गोव्याच्या चर्चशाळांतून आलेली होती : सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट. त्यांना 'अरेंजर' म्हणत. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. आल्यास 'सहायक' म्हणून.

चिक यांची जोडी जमली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी. या गृहस्थांचेही नावांचे प्रकरण मोठे गमतीचे आहे. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, कोठे राम चितळकर, तर कोठे अण्णासाहेब! मराठी मातीची लावणी त्यांच्या रक्तात होती आणि कान मात्र अटलांटिकच्या पलीकडे लागलेले. १९५० च्या 'समाधि'मधील 'गोरे गोरे' या गाण्याची चाल कार्मेन मिरांडा हिने १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटात गायलेल्या गाण्यावरून उचललेली होती. १९५७ च्या 'आशा'मधील 'ईना मीना डीका' या गाण्याची जन्मकथा तर आणखीच मजेदार. मुलांच्या खेळण्यातल्या निरर्थक अक्षरांवरून अण्णांना मुखडा सुचला, आणि त्यांचे गोवेकर सहकारी जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्द जोडून दिले. सारा देश कोंकणी गाऊ लागला आणि देशाला ते ठाऊकच नव्हते.

या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस होता, भगवान आभाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार. भगवानने स्वतःही मजुरी केली, तालमीत अंग कमावले, मूकपटांत शिरकाव करून घेतला आणि पुढे कमी खर्चाचे मारामारीचे चित्रपट काढू लागला. सी. रामचंद्रांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती ज्या तमिळ चित्रपटांतून, त्यांतही भगवानचा हात होता. 'स्टंटपट पुरे, सामाजिक विषय घे', असे राज कपूर यांनी त्याला सुचवल्याचे सांगतात. त्यातून १९५१ चा 'अलबेला' आला. गरीब घरचा, नाटकवेडा प्यारेलाल घरच्यांशी भांडून बाहेर पडतो, मोठा कलावंत झाल्याशिवाय परतणार नाही अशी शपथ घेतो, आणि खरोखरच कीर्ती मिळवतो. पण त्याने घरी पाठवलेले पैसे आणि पत्रे वाटेतच अडवली जातात. तो परत येतो तेव्हा आई गेलेली असते. हसवता हसवता हा चित्रपट एकदम गळा दाबतो. सावित्रीकाठी घर आणि लालबाग-परळला अर्धी खोली असलेल्या माणसाला ती अडवलेली मनीऑर्डर पाहून काय वाटले असेल, हे शब्दांत सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटातील 'शोला जो भडके'मध्ये बोंगो आहे, ओबो आहे, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. हवाई बेटांचे कपडे, क्यूबाचा ठेका, गोव्याचे वादक, पुणतांब्याचा गळा, इंदूरात जन्मलेल्या लताबाई आणि मध्यभागी लालबागच्या मिरवणुकीत शोभेल असा पोट सावरीत नाचणारा मराठी गडी! यांतली प्रत्येक वस्तू कोठून तरी आणलेली आहे. तरीही असे गाणे जगात दुसरीकडे कोठेच होणे शक्य नव्हते. माझ्या मते चिक चॉकलेट येथे आर्मस्ट्राँगच्या सावलीतून बाहेर आला. ताजमध्ये तो आर्मस्ट्राँगची प्रत होता. 'अलबेला'त त्याची प्रत काढावी असा कोणी मूळ पुरुष उरलेलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९५१ मध्येच 'नादान' नावाचा, देव आनंद आणि मधुबाला यांचा चित्रपट आला. त्याचे संगीत स्वतंत्रपणे चिक चॉकलेटचे. पुढच्या वर्षी 'रंगीली' आला. 'नादान'मधील जे गाणे आजही जुन्या गाण्यांचे शौकीन आवर्जून लावतात, ते प्रियेची तसवीर काढण्याविषयीचे, तलत मेहमूद यांच्या रेशमी, कंपित गळ्यातले आहे. ज्याने आयुष्यभर खरखरीत गळ्याची नक्कल केली, त्याला स्वतःची चाल बांधायची वेळ आली तेव्हा त्याने मागितला तो तलतचा आवाज. त्या गाण्यात आर्मस्ट्राँग नावालाही नाही. त्याच्या मनाच्या आतल्या खोलीत काय वाजत होते ते तेथे क्षणभर ऐकू येते. परंतु संगीतकार म्हणून त्याला मोजकेच चित्रपट मिळाले. लोकांना चिक चॉकलेटकडून चिक चॉकलेटच हवा होता.

१९६७ साली तो वारला. आर्मस्ट्राँग त्याच्यानंतर चार वर्षांनी, १९७१ मध्ये गेला. मूळ प्रतीपेक्षा नक्कल आधी फाटावी, असे झाले.

अशा अनामिकांपैकी एकाच्या नशिबी मात्र विचित्र कीर्ती आली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी संत झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा मोठा कार्यक्रम केला होता. पुढे ते अमेरिकेला गेले आणि विस्मरणातही. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्याने गुरूचे नाव नायकाला दिले आणि ते घरोघरी पोहोचले. कोट्यवधी लोकांनी अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ पाहिला. ते नाव हाडामांसाच्या एका वादकाचे आहे, हे फारच थोड्यांना माहीत होते. २०१२ च्या जानेवारीत ते गोव्यात वारले. त्यानंतर दोन वर्षांनी बार्डरॉय बार्रेटो यांनी 'नाचुं-या कुंपासार' हा कोंकणी चित्रपट काढला. क्रिस पेरी यांच्या गाण्यांत गुंफलेली ही एका वाद्यवृंदप्रमुखाची आणि गायिकेची कथा. तो चित्रपट म्हणजे त्या साऱ्या पिढीला उशिरा दिलेली मानवंदनाच होती. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये मराठीत शेखर सरतांडेल यांचा 'एक अलबेला' आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. ज्या नाचाची नक्कल अर्ध्या देशाने केली, त्या नाचाची नक्कल करणे हे नटाला किती कठीण गेले असेल! त्याच वर्षी रवी जाधव यांनी बेंजो वाजवणाऱ्या मुंबईच्या पोरांवर हिंदी चित्रपट काढला, म्हणजे ज्या वाद्यापासून मी हा लेख सुरू केला ते वाद्यही पडद्यावर गेले.

भगवानदादांचे पुढे काय झाले हे बहुतेकांना माहीत आहे. 'झमेला' आणि 'लाबेला' काढले, पण 'अलबेला'चे नशीब त्यांना लाभले नाही. जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीत परतले. उतारवयात चित्रपटांत त्यांना मिनिटा-दोन मिनिटांच्या भूमिका मिळत, आणि बहुतेक वेळा सांगितले जाई, दादा, तेवढे दोन ठेके घ्या. तरुणपणच्या स्वतःचीच नक्कल करून पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले.

सांगतात की, त्या काळी दादरच्या मिरवणुका त्यांच्या चाळीखाली येऊन थांबत. बेंजोवाले 'अलबेला'चे गाणे लावीत, पोरे कोपर वर उचलून नाचत आणि म्हातारे दादा वरून पाहत असत.